मान तुकवा, नाहीतर वाट धरा

प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दीक्षा फक्त पाळकाला मिळत नाही. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर अमेरिकेतल्या या चर्चमध्ये दीक्षेवरून गेली तीनशे वर्षं जो वाद चालू आहे, त्याची धग कळत नाही. मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ असतात. त्यांत कोणी दंतवैद्य, कोणी शाळेतली बाई, कोणी शेतकरी. त्यांच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते आणि पाळकाला विचारतात जवळजवळ तेच प्रश्न त्यांनाही विचारले जातात. चर्चच्या नियमांनी बांधून घ्याल का? चर्चची शांती, एकी आणि शुद्धता वाढवाल का? उमेदवार ‘हो’ म्हणतो. शांती, एकी आणि शुद्धता या तिघी एका घरात सुखाने नांदत नाहीत, हे त्याला पुढे कधीतरी कळतं.

इथे बिशप नाही. मंडळीचं सेशन म्हणजे वडीलमंडळ, त्यावर परिसरातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, त्यावर सिनड आणि सगळ्यांवर जनरल असेंब्ली अशी उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीवर मतदान आहे. पाळक होऊ पाहणाऱ्याची तपासणी प्रेस्बिटरी घेते. घटनेत बदल करायचा तर असेंब्लीच्या ठरावानंतर देशभरच्या प्रेस्बिटऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार द्यावा लागतो. बहुमताने चालणारं घर म्हटलं की हरणारा पक्ष आलाच. त्या पक्षाने करायचं काय, हा या चर्चचा खरा प्रश्न. स्त्रिया, समलिंगी, येशूचा कुमारीजन्म हे विषय येत-जात राहिले.

पहिलं उत्तर 1729 साली फिलाडेल्फियात मिळालं. आयर्लंडमधून आलेल्या स्कॉट पाळकांचं म्हणणं, प्रत्येक पाळकाने वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारावर सही करावी. न्यू इंग्लंडच्या वळणाचे जोनाथन डिकिन्सन यांचा त्याला विरोध. माणसांनी लिहिलेल्या दस्तऐवजाखाली सही मागणं म्हणजे बायबलच्या बरोबरीला दुसरं काहीतरी बसवणं, अशी त्यांची हरकत. अखेर सिनडने तडजोड केली. विश्वासांगीकार सगळ्यांनी मानायचा, पण त्यातल्या ‘आवश्यक’ कलमांपुरता. एखादं कलम मनाला पटत नसेल तर उमेदवाराने ते प्रेस्बिटरीसमोर उघड सांगायचं. ती अडचण गाभ्यातली की काठावरची, हे प्रेस्बिटरीने ठरवायचं. आवश्यक कलमं कोणती, याची यादी मात्र कोणी केली नाही. ती करायला बसले असते तर सिनड त्याच दिवशी मोडलं असतं. मला तरी ही मोकळी सोडलेली जागा जाणूनबुजून सोडलेली वाटते.

सिनड तरीही 1741 मध्ये मोडलंच, धर्मजागृतीच्या वादावरून. 1758 मध्ये दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांनी दुसरं उत्तर लिहून ठेवलं. बहुमताचा निर्णय झाला की सदस्यापुढे तीन वाटा. मनापासून साथ द्यावी. ते जमत नसेल तर मुकाट्याने मान तुकवावी. तेही विवेकाला मान्य नसेल तर आपलं म्हणणं सभ्यपणे मांडून, फूट न पाडता, शांतपणे बाहेर पडावं. आणि ही सक्ती फक्त अत्यावश्यक ठरवलेल्या निर्णयांनाच लागू. ही शेवटची अट पुढच्या भांडणांत प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीने वाचली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क प्रेस्बिटरीने कुमारीजन्माबद्दल ठाम ‘हो’ न म्हणणाऱ्या उमेदवारांना पास केलं, आणि 1910 च्या असेंब्लीने चिडून पाच सिद्धांतांची यादीच जाहीर केली. हे न मानणाऱ्याला दीक्षा नाही. 1924 मध्ये बाराशेहून अधिक पाळकांनी ऑबर्न निवेदनावर सह्या केल्या. सिद्धांत खरे की खोटे हा त्यांचा मुद्दा नव्हता. असेंब्लीला एका ठरावाने अशी यादी लादता येते का, असं ते विचारत होते. 1927 मध्ये असेंब्लीने स्वतःच कबूल केलं की नाही येत. उदारमतवादी जिंकले ते 1729 च्या जोरावर. हरलेल्या बाजूचे प्रिन्स्टनचे प्राध्यापक ग्रेशम मेचन यांनी वेगळं मिशन मंडळ काढलं, ते सोडायला नकार दिला, आणि 1936 मध्ये त्यांचं पाळकपद निलंबित झालं. त्यांनी नवं चर्च काढलं आणि काही महिन्यांत, 1 जानेवारी 1937 ला, ते वारले.

मेचन ज्या अधिकृत परराष्ट्र मिशन मंडळाशी भांडत होते, त्याचंच एक काम मिरजेत होतं. वानलेस यांच्या रुग्णालयात रांगेत बसलेल्या कोणाला न्यू जर्सीतल्या या खटल्याची खबर असण्याचं कारण नाही. पण कोल्हापूरच्या मिशनचा जन्मच अशा एका बंडातून झाला आहे. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशन संस्थेच्या वतीने कोल्हापुरात आले. शाळांवर पैसा आणि वेळ खर्चावा की नाही, यावरून बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांच्याशी त्यांचं बिनसलं. सुट्टीवर मायदेशी गेलेल्या वाइल्डर यांना बोर्डाने परत पाठवलं नाही, तेव्हा ते स्वतःच्या जबाबदारीवर परतले आणि सुमारे दहा वर्षं एकट्याच्या हिमतीवर मिशन चालवलं. 1870 च्या सुमाराला ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सोपवलं. वर सांगितलेल्या तीन वाटांपैकी कुठलीच त्यांनी धरली नाही.

आता या कथेचा कणा. तेव्हा अमेरिकेत उत्तरेचं आणि दक्षिणेचं प्रेस्बिटेरियन चर्च वेगळं होतं. त्यांतल्या उत्तरेकडच्या चर्चमध्ये 1930 पासून स्त्रियांना ‘वडील’ म्हणून दीक्षा मिळू लागली. 1956 मध्ये मार्गारेट टाउनर पहिल्या स्त्री पाळक झाल्या. पुढे अठरा वर्षांनी पिट्सबर्ग प्रेस्बिटरीसमोर वॉल्टर विन केन्यन नावाचा तरुण उमेदवार उभा राहिला. हुशार, प्रामाणिक, बायबलचा पक्का. स्त्रियांच्या दीक्षेबद्दल विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, की बायबलच्या त्याच्या वाचनाप्रमाणे ती योग्य नाही, म्हणून तो स्वतः तशा दीक्षाविधीत भाग घेणार नाही. मात्र मंडळीने एखादी स्त्री निवडली तर तो आडवा येणार नाही, दुसऱ्या पाळकाने विधी करावा. दीक्षा मिळालेल्या स्त्रियांसोबत काम करायलाही त्याची ना नव्हती. 1729 च्या नियमाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण घ्यावं तर हेच. प्रेस्बिटरीने निसटत्या बहुमताने त्याला पास केलं.

तक्रार झाली, प्रकरण वर गेलं, आणि 1974-75 मध्ये चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळाने ती दीक्षा अडवली. न्यायमंडळाचं म्हणणं असं, की स्त्री-पुरुष समता हा चर्चच्या घटनेचा स्पष्ट भाग आहे, आणि जो घटनेप्रमाणे वागायची शपथ घेतो त्याला तिच्यातलं एक कर्तव्य आधीच नाकारता येत नाही. विवेक स्वतंत्र आहे, पण पद हा कोणाचा हक्क नाही.

हा निकाल मला निम्मा पटतो. ज्या मंडळीत एखादी बाई ‘वडील’ म्हणून निवडून येते आणि तिचाच पाळक तिच्या डोक्यावर हात ठेवायला नकार देतो, त्या बाईच्या जागी उभं राहून पाहिलं तर केन्यनची ‘आडवा येणार नाही’ ही सवलत फार तोकडी आहे. पण न्यायमंडळाने त्याच वेळी दोनशे पंचेचाळीस वर्षं उघडी ठेवलेली एक खिडकी बंद केली. सनातनी मंडळींनी अर्थ लगेच ओळखला. काही पाळक आणि मंडळ्या 1973 मध्ये दक्षिणेत निघालेल्या नव्या सनातनी चर्चकडे वळल्या. 1979 मध्ये प्रत्येक मंडळीच्या वडीलमंडळात स्त्रिया घेण्याबाबत नियम कडक झाला, तेव्हा फिलाडेल्फियाचं टेन्थ प्रेस्बिटेरियनसारखं जुनं, भरलेलं चर्चही बाहेर पडलं. उदारमतवाद्यांनी हात चोळले नसतील, पण फार अश्रूही ढाळले नाहीत. नियम म्हणजे नियम, एवढं त्यांचं उत्तर होतं.

हे उत्तर त्यांना महागात पडायला फार वेळ लागला नाही.

1974 च्या असेंब्लीत डेव्हिड सिंट नावाच्या पाळकाने हातात फलक धरून, इथे आणखी कोणी समलिंगी आहे का, असं विचारलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्क प्रेस्बिटरीने एका उघड समलिंगी उमेदवाराबद्दल असेंब्लीकडे मार्गदर्शन मागितलं. अभ्यास करायला नेमलेल्या समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी निर्णय प्रेस्बिटऱ्यांवर सोडावा असं सुचवलं, पण 1978 च्या सॅन डिएगो असेंब्लीने ते धुडकावलं. समलिंगी संबंध न सोडणाऱ्याला दीक्षा नाही. सल्ला म्हणून दिलेल्या या वाक्याला हळूहळू कायद्याचं वजन आलं. 1992 मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या जेन स्पार यांना रॉचेस्टरच्या मंडळीने बोलावूनही न्यायमंडळाने रोखलं. 1996-97 मध्ये तर बंदी घटनेतच लिहिली गेली. स्त्री-पुरुष विवाहात निष्ठा किंवा अविवाहितपणी ब्रह्मचर्य, ही प्रत्येक दीक्षेची अट झाली. प्रेस्बिटऱ्यांची मतं 97 विरुद्ध 74.

आता मान तुकवायची पाळी दुसऱ्या बाजूची होती. काही सेशननी आम्ही हे पाळणार नाही असं लिहून दिलं. काही पाळकांनी आपलं पद खाली ठेवलं. आणि बहुतेकांनी केन्यनला जे नाकारलं होतं तेच मागायला सुरुवात केली, विवेकाची सूट. 1729 चे कागद पुन्हा बाहेर आले. समोरच्या बाजूने त्यांच्यासमोर ठेवला तो केन्यनचा निकाल. नियम म्हणजे नियम.

2001 मध्ये असेंब्लीने दोन्ही टोकांतली वीस माणसं एका खोलीत बसवली. त्यांत उघडपणे समलिंगी असलेला एकच माणूस होता, स्कॉट अँडरसन. 1990 मध्ये सॅक्रामेंटोत आपली ओळख उघड झाल्यावर त्याने पाळकपद सोडलं होतं, पण चर्च सोडलं नव्हतं. ज्या घराने दार लावलं, त्याच घराच्या शांतीबद्दल अहवाल लिहायला तो चार वर्षं बसत राहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासात निष्ठेचा याहून अवघड नमुना नाही. मंडळी घेऊन बाहेर पडण्यापेक्षाही हे कठीण, कारण बाहेर पडणाऱ्याला निदान टाळ्या मिळतात. अहवाल एकमताने आला. अट घटनेतून काढा असं त्यात म्हटलेलं नव्हतं. सुचवलं होतं एवढंच, की उमेदवाराची हरकत गाभ्यातली आहे का, हे त्याला तपासणाऱ्यांनीच ठरवावं. 2006 च्या असेंब्लीने ते स्वीकारलं. पावणेतीनशे वर्षांनी गाडी फिलाडेल्फियात परत आली.

सनातनी यावर खवळले, आणि त्यांच्या रागात तथ्य होतं. केन्यनसाठी जी खिडकी बंद केली ती तुमच्या माणसांसाठी कशी उघडते? फेब्रुवारी 2008 मध्ये पुन्हा पिट्सबर्ग प्रेस्बिटरीच्याच एका खटल्यात न्यायमंडळाने मधली रेघ मारली, की विचाराला सूट आहे, वागण्याला नाही. त्याच उन्हाळ्यात असेंब्लीने तीही पुसली. शेवटी 10 मे 2011 ला मिनेसोटातल्या ट्विन सिटीज प्रेस्बिटरीच्या मताने 173 पैकी 87 चा आकडा पूर्ण झाला आणि ती अट घटनेतून गेली. 8 ऑक्टोबरला मॅडिसनमध्ये अँडरसनच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवले गेले.

यानंतर तिसऱ्या वाटेवर गर्दी झाली. 2012 च्या जानेवारीत ऑर्लँडोत ‘इको’ हा बाहेर पडणाऱ्या मंडळ्यांचा नवा संघ उभा राहिला. पण ‘शांतपणे बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांनी 1758 मध्ये इमारतीचं काय, हे लिहिलेलं नव्हतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चने घटनेत कलम घातलं होतं, की मंडळीची मालमत्ता साऱ्या चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली आहे. त्यामुळे जाणाऱ्यांनी दाराशी पैसे मोजले. डलासच्या हायलँड पार्क मंडळीने 78 लाख डॉलर, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कने सुमारे 89 लाख. इतकी किंमत मोजायची ताकद छोट्या मंडळ्यांत नसते. त्यांच्यापैकी कितीजणांच्या ‘निष्ठे’त छपराच्या हिशेबाचा वाटा असेल, हे आकडेवारीत दिसत नाही. मुंबईला हा हिशेब ओळखीचा आहे. पाळक नेमायचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, यावरून 1843 मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे मुंबईतले सहकारी फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले, आणि नुकतीच बांधलेली शाळेची इमारत जुन्या चर्चसाठी मागे सोडावी लागली.

1983 मध्ये उत्तर-दक्षिणेची चर्चं एकत्र आली तेव्हा सदस्य एकतीस लाखांच्या आसपास होते. आता ते अकरा लाखांच्या आत आहेत. सगळा दोष या भांडणाला देणं सोपं आहे, पण गळती 1960 च्या दशकातच लागली होती आणि त्यात म्हातारपणाचा, शहरांच्या बदलाचा वाटा मोठा आहे. बाहेर पडलेल्यांचं नुकसान वेगळ्या जागी झालं. वाद घालायला समोर बसणारं, अभ्यास करून आलेलं माणूस आता कमी झालं. जॅक रॉजर्स हे सनातनी फुलर सेमिनरीत अनेक वर्षं शिकवलेले प्राध्यापक. समलिंगी दीक्षेबद्दल त्यांचं मत उतारवयात बदललं, आणि 2001 मध्ये ते असेंब्लीचे मॉडरेटर झाले. असा बदल घडायला दोन्ही बाजू एका छपराखाली असाव्या लागतात.

2024 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या असेंब्लीपुढे नवा प्रस्ताव आला. भेदभाव न करण्याच्या यादीत लैंगिक कल आणि लिंगओळख घालावी, आणि ते तत्त्व पाळायची तयारी आहे का, हे दीक्षेच्या तपासणीत विचारावं. पहिल्या भागावर फारशी खळखळ झाली नाही. दुसऱ्यावर मात्र चर्चमध्ये उरलेले मूठभर सनातनी उठले. आमच्या विवेकाचं काय, असं त्यांनी विचारलं. असेंब्लीने शब्द जरा मऊ केले आणि प्रस्ताव प्रेस्बिटऱ्यांकडे धाडला. उद्या एखादा केन्यन तपासणीला आला आणि म्हणाला, की मला पटत नाही, पण मी आडवा येणार नाही, तर त्याचं काय होईल? माझा अंदाज असा, की त्यालाही घरी पाठवतील. फक्त या वेळी जास्त गोड बोलून.