निष्णात, सराईत आणि हात बसलेला

गोदातीरी राहणाऱ्या नाशिककरांना पाणिनीच्या एका सूत्राविषयी विशेष आपुलकी वाटावी. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात त्याने सांगितले आहे, की स्नानार्थक 'स्ना' धातूच्या आधी 'नि' किंवा 'नदी' आले आणि अर्थ कौशल्याचा असला, तर त्यातील दंत्य सकाराचा मूर्धन्य षकार होतो. म्हणजे नदीत नुसता न्हाणारा तो नदीस्न, परंतु तिचा उतार, भोवरे आणि तळ जाणून तीत उतरणारा तो नदीष्ण, आणि कोणत्याही विद्येत तसाच बुडून वर आलेला तो निष्णात. रामकुंडात पर्वणीची बुडी मारणारे यात्रेकरू आणि त्यांतला कोणी घसरल्यास त्याला काठाला लावणारे जीवरक्षक यांतले अंतर पाणिनीने एका अक्षराने दाखविले आहे. 'नदीष्ण' मराठीत रुळला नाही. 'निष्णात' रुळला, पण रुळताना पाण्याबाहेर येऊन त्याने काळा डगला चढविला.

कारण आज निष्णात असतो तो वकील, फार तर शल्यविशारद. चोर कितीही कुशल असला तरी निष्णात म्हणवून घेत नाही. तो सराईत असतो. वस्तुतः 'सराईत' म्हणजे सरावाने तयार झालेला, यापलीकडे त्या शब्दाचा काही अपराध नाही. परंतु वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांनी त्याला इतका काळ कोठडीत बसविले आहे, की एखाद्या सुगरणीला सराईत म्हणण्यास जीभ धजत नाही. 'तरबेज' आणि 'पटाईत' हे मधल्या पायरीवर उभे आहेत. पोहण्यात मुलगी तरबेज असते आणि खिसे कापण्यात भामटाही. 'कसब' अरबीतून फारसीच्या वाटेने आले, आणि त्याचा मूळ अर्थ कमाई. (निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे 'कसबे' याच्याशी नाते सांगत नाही, तो वस्तीवाचक निराळा शब्द, मराठीत आल्यावर दोघांचे चेहरे सारखे झाले इतकेच.) शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कसब, वाकबगार, उस्ताद ही मंडळी बोलण्यातून हलली नाहीत. पुढे त्यांची जणू वाटणीच झाली: पुस्तकी विद्येच्या वाट्याला संस्कृत विशेषणे आली आणि पोटापाण्याच्या धंद्याला बहुधा फारसी. ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. शल्यविशारदाच्या बोटांना नैपुण्य आणि तांबटाच्या बोटांना कसब म्हणताना आपण बोटे पाहत नाही, घर पाहतो.

कौशल्याच्या शब्दांकडून हुकमतीच्या शब्दांकडे वळले की प्रत्यय बदलतो. माणूस गणितात पारंगत असतो, पाककलेत निपुण असतो. परंतु प्रभुत्व भाषेवर असते, पकड विषयावर, ताबा मनावर. कुशल मनुष्य वस्तूच्या आत असतो, हुकमत चालविणारा तिच्या वर स्वार होतो, आणि स्वारीची ही कल्पना आपल्या भाषेत अक्षरशः जनावरांवरून आलेली आहे: लगाम घोड्याचा, वेसण बैलाची, अंकुश हत्तीचा. म्हणून महागाईला वेसण घालतात आणि जिभेला लगाम. 'ताबा' मात्र दोन कचेऱ्यांत हजेरी लावतो. जमिनीच्या व्यवहारात तो घेतला-दिला जातो, आणि कसारा घाटातल्या अपघाताच्या वार्तेत तो चालकाच्या हातून सुटतो. गंगापूर धरणातून पाणी सोडतात तेव्हा सरकारी निवेदनात नियंत्रण आणि विसर्ग हे शब्द येतात. गोदाकाठचा माणूस मात्र पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढेच विचारतो. त्या प्रश्नात हुकमतीचा शब्द नाही, कारण पुरावर हुकमत आहे असा त्याचा समज नाही.

या दोन्ही घराण्यांत न बसणारा एक शब्दप्रयोग कारागिरांनी जपला आहे. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत पत्र्याला आकार दिल्यावर भांडे मठारतात. ठोका ठोक्याला लागून पडावा, एकही खोल जाऊ नये, यासाठी नजर आणि मनगट यांना एकच काम एकाच वेळी करावे लागते. येवल्यात पैठणीच्या पदरावर नक्षीच्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी फिरवावी लागते, आणि अस्सल पदर उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखाच दिसत असल्यामुळे चूक लपविण्यास मागची बाजूच उरत नाही. अशा कामाविषयी बोलताना हातोटी आणि हातखंडा हे शब्द आहेतच. पण त्याहून नेमके म्हणजे 'कामावर हात बसला'. येथेही 'वर' आहे, परंतु स्वारी नाही. पक्षी फांदीवर बसावा तसा हात कामावर बसतो. शिवाय या वाक्याचा कर्ता माणूस नसून हात आहे. निपुण मी होईन, प्रभुत्व मी मिळवीन. हात मात्र आपला आपण बसतो, आणि तो कधी बसेल हे शिकविणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. म्हणून नवशिक्याच्या प्रगतीची चौकशी केली, तर उस्ताद त्याच्या बुद्धीविषयी बरेवाईट काहीच न बोलता 'अजून हात बसायचाय' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.