वाळूच्या कणाला चिकटलेलं तेल

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरलात, तर कधीकधी तळपायाला काळा, चिकट डाग लागतो. समुद्रात सांडलेल्या तेलाचेच हे गोळे. पाण्याने कितीही धुवा, डाग हलत नाही. शेवटी खोबरेल नाहीतर रॉकेल चोळावं लागतं. पाय एवढ्यावर सुटतो. पण मैलोन्‌मैल वाळूच तेलाने भिजली तर?

कुवेतमध्ये तसं घडलं. १९९१च्या फेब्रुवारीत माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने ६००हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला नोव्हेंबर उजाडला. न जळलेलं तेल वाहून वाळवंटात त्याची तळी साचली. वरवरचं तेल पंपाने उपसता आलं. वाळूत मुरलेलं मात्र तिथेच राहिलं.

असं का व्हावं? वाळूच्या कणांमध्ये बारीक फटी असतात. तेल प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरतं आणि अरुंद फटींत अडकून बसतं. वरून पाणी ओतलं, की ते मोठ्या वाटांनी निघून जातं, तेलाला बगल देऊन. साबणाचं पाणी थोडं अधिक काम करतं, पण तेही अपुरं पडतं.

इथे नॅनोद्रव उपयोगी पडू शकतो. नॅनोद्रव म्हणजे ज्यात अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवले आहेत असं पाणी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण असतात जेमतेम काही दशक नॅनोमीटरचे. बहुधा ते सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे असतात.

त्यांची करामत शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले दर्श वासन आणि अॅलेक्स निकोलोव्ह यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात उलगडून सांगितली. तेलाचा थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो, तिथे कडेला एक निमुळती फट असते. तिच्यात शिरलेले कण थर लावून रचले जातात आणि टोकाकडे दाब वाढत जातो. ओंडका फोडताना पाचर ठोकतात ना, तसंच. पाण्याची कड पुढे सरकते आणि तेल कणावरून उचललं जातं.

पण उचललेलं तेल नाहीसं होत नाही, हे विसरून चालणार नाही. ते सुटतं, म्हणजेच वाहू लागतं. कुवेतच्या उत्तरेला रौधातैन आणि उम्म अल-ऐश इथे वाळवंटाखाली गोड्या पाण्याचे दुर्मीळ साठे आहेत. आगी विझवायला वापरलेलं समुद्राचं पाणी जमिनीत मुरलं, आणि त्याच्यासोबत तेलातली द्रव्यंही त्या साठ्यांपर्यंत पोहोचली. नॅनोद्रव नुसता ओतून दिला, तर तोही हेच करील. म्हणून खणून काढलेली वाळू टाकीत धुणं अधिक सुरक्षित. जमिनीतच धुवायची असेल, तर सुटलेलं तेल आणि पाणी वर खेचणाऱ्या विहिरी आधी हव्यात.

आणखीही अडचणी आहेत. खाऱ्या पाण्यात हे कण गोळा होऊन फटी बुजवू शकतात. चिकणमातीत द्रव फारसा पुढे सरकतच नाही. शिवाय मागे उरलेल्या कणांचं काय, हाही प्रश्न आहे. बहुतेक प्रयोग अजून प्रयोगशाळेत, वाळू भरलेल्या नळ्यांमध्येच होतात.

तेव्हा कोणी अशी जादूची बाटली दाखवली, तर आपण एकच विचारावं: वाळू स्वच्छ झाली हे खरं, पण तेल गेलं कुठे?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)