नीट निघाली नाही म्हणून एमएस्सी?

अमरावती-अकोल्याकडं पोरीनं ‘बायोलॉजीत एमएस्सी करते’ म्हटलं, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नीट निघाली नाही का?’ लगेच दुसरा, ‘मग बीएड कधी?’

मुळात ‘बायोलॉजीतली एमएस्सी’ ही एकच पदवी नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी अशा वेगवेगळ्या एमएस्सी आहेत. आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ असलं, तरी तिथल्या कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्राच्या एमएस्सीची मुख्य वाट बीएस्सी ॲग्रीवरूनच जाते. बॉटनीवाल्यांनी हे आधीच पाहून घ्यावं.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे एमएस्सी झाली की कॉलेजात नोकरी. सहायक प्राध्यापक व्हायचं तर 55 टक्के गुण (राखीव प्रवर्गाला 50) आणि वर नेट किंवा सेट लागते. ठरावीक नियमांत बसणारी पीएचडी असेल तर सूट. सीएसआयआरच्या नेटमध्ये बॉटनी वेगळी, झूलॉजी वेगळी असा भेद नाही. ‘लाइफ सायन्सेस’ हा एकच पेपर, 200 गुणांचा. झूलॉजीवाल्याला प्रकाशसंश्लेषण सुटत नाही. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर मात्र पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये हाती येतात. ‘अजून किती दिवस शिकवायचं?’ म्हणणाऱ्या बापाला हा आकडा जरूर सांगावा.

‘बायो म्हणजे पाठांतर, गणिताची कटकट नाही’ हेही खोटं. नेटच्या त्या पेपरातले निम्मे गुण ‘सी’ भागाला, आणि तिथं आलेख, आकडे, वंशावळी वाचाव्या लागतात. विदर्भातला सिकलसेलच घ्या. समजा एखाद्या मोठ्या समाजात 100 पैकी 1 जण रुग्ण आहे, तर वाहक किती? बरेच जण 2 सांगतात. हार्डी-वाइनबर्गच्या सूत्रानं सदोष जनुकाचं प्रमाण 0.1, म्हणून वाहक 2 × 0.9 × 0.1, म्हणजे 100 मध्ये 18.

राहिला ‘संशोधन करायचं तर पुणंच गाठावं’ हा समज. महागड्या यंत्रांपुरतं ते खरं आहे. पण 1884 नंतर शतकभर कुणाच्या नजरेस न पडलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) 1997 साली शहाद्याजवळ सापडला आणि पुढं मेळघाटातही दिसला. त्याच्यासाठी पुण्याचे लोक परतवाड्यावरून सेमाडोहकडं जातात. आपल्याला तर ते घरचंच. व्याघ्र प्रकल्पात काम करायला वनखात्याची परवानगी मात्र लागते. प्रोजेक्टचा विषय ठरला, की अर्ज त्याच आठवड्यात टाकावा.