फोन नवा, तरी वेबसाइट म्हणते जुना

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मगरिबनंतर भाची मोबाईल घेऊन आली. "मामू, बघा ना, तुमचा ब्राउझर चालणार नाही असं म्हणतंय." फोन सहा महिन्यांचा, ब्राउझर त्याच आठवड्यात अपडेट केलेला. बहीण म्हणाली, "भाईजान, सायबर कॅफे बंद व्हायच्या आत जाऊन येऊ का?"

मी म्हटलं, थांब. चूक फोनची नसावी.

कोणतीही वेबसाइट उघडताना ब्राउझर तिला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला 'युजर एजंट' म्हणतात. या ओळीत खोट्याची परंपरा जुनी आहे. १९९०च्या दशकात काही वेबसाइट चांगली पाने फक्त नेटस्केपला दाखवत. नेटस्केप स्वतःला 'मोझिला' म्हणवायचा, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव लावले. आजचा क्रोमसुद्धा सुरुवात मोझिलाने करतो आणि शेवटी सफारीचेही नाव घेतो! ओपेराची गोष्ट तर हसावे की रडावे अशी. २००९ मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली, तेव्हा काही वेबसाइट पहिलाच आकडा वाचून १० ला १ समजू लागल्या. शेवटी ओपेराने ओळीच्या सुरुवातीला ९.८० असेच लिहिणे पसंत केले.

मोबाईलवर घोळ आणखी वाढतो. आयपॅडचा सफारी २०१९ पासून स्वतःला मॅक संगणक म्हणवतो. अँड्रॉइडवरचा क्रोम, आपली माहिती उघडी पडू नये म्हणून, फोन कोणताही असो, 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेल 'के' एवढेच सांगतो. हेतू चांगला, पण जी वेबसाइट हा आकडा खरा मानते, तिला नवा फोनही जुनाट वाटतो. भाचीचे असेच झाले असावे. ब्राउझरला काम जमते की नाही हे तपासण्याऐवजी नाव विचारून दार लावायचे, ही बनवणाऱ्यांची हयगय.

अशा वेळी पानावरच्या 'नवा ब्राउझर घ्या' या लिंकवर बोट ठेवू नका. अपडेट प्ले स्टोअरमधूनच करा. मग क्रोमच्या वरच्या तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' निवडा. क्रोम स्वतःला संगणक म्हणवू लागतो.

आम्ही तेच केले. अक्षरे मुंगीएवढी झाली, पण अर्ज उघडला. पावणेदहाला पावतीचा क्रमांक आला. भाचीने तो आधी वहीत उतरवून घेतला; फोनवर तिचा भरवसा उरला नव्हता.