फुकट फोन आणि मोकळा फोन

रात्री अकरा वाजून गेले म्हणजे एसटीडीच्या बूथपुढे रांग लागावयाची, हे पाहिलेली पुष्कळ मंडळी आज येथे असतील. त्या वेळी दर उतरत असे, म्हणून गावाकडच्या माणसाशी बोलावयाचे ते झोप मोडून बोलावयाचे. आणि डोळा सगळा समोर पळणाऱ्या त्या लाल आकड्यांवर! आज त्याच रांगेतल्या कामगाराची मुलगी परदेशातून तासन् तास बोलते, आणि मिनिटाचे पैसे कोणी मागत नाही. हे साधले कसे, आणि ह्या फुकटेपणाची किंमत कोण देतो, ह्या दोन प्रश्नांचा विचार आम्हांस करावयाचा आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. लेथवर काम करता करता जे वाचले आणि संघटनेतल्या शिकलेल्या पोरांना विचारून जे समजून घेतले, तेवढीच आमची पुंजी.

जुन्या टेलिफोनवर दोघांचे बोलणे चालू असेपर्यंत दोघांमधला एक रस्ता राखून ठेवलेला असे. दोघे गप्प बसले तरी रस्ता अडलेलाच. म्हणून मिनिटाला भाडे. इंटरनेटवर तसे नाही. तेथे आवाजाची लहर क्षणोक्षणी मोजून तिचे आकडे करतात. साध्या टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजास सेकंदाला ८,००० वेळा मोजणे पुरते. हे आकडे दाबून लहान करतात आणि बहुधा २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक, अशी सेकंदाला ५० पाकिटे रवाना करतात. ज्या वाटेने पत्रे आणि चित्रे जातात, त्याच वाटेने हीही जातात. एखादे पाकीट हरवले तर सहसा ते पुन्हा मागवीत नाहीत. कारण उशिरा आलेला शब्द हा न आलेल्या शब्दापेक्षा अधिक घोटाळा करतो. ऐकणाऱ्याकडचा प्रोग्राम मागच्यापुढच्या पाकिटांच्या अंदाजाने ती फट बुजवून टाकतो.

खरी अडचण निराळीच आहे. घरातला कॉम्प्युटर राउटरच्या आड असतो. चाळीचा पत्ता एक आणि खोल्या चाळीस, असा हा प्रकार. आतल्या माणसाला बाहेर पत्र धाडता येते, पण बाहेरच्याला नेमकी खोली सापडत नाही. म्हणून दोघांची गाठ घालून द्यावयास कोणी तरी तिसरा लागतो. हा तिसरा कोण आणि तो कोणाच्या हुकमातला, हाच आमच्या मते ह्या विषयाचा गाभा होय.

२००३ च्या ऑगस्टमध्ये स्काइप नावाचा प्रोग्राम बाहेर पडला. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस हे त्याचे संस्थापक. प्रोग्राम लिहिला तो एस्टोनियातल्या आहती हेइन्ला, प्रीत कासेसालू, यान ताल्लिन आदी मंडळींनी. त्यांची युक्ती अशी की, तिसऱ्याचे काम कंपनीच्या यंत्रांनी न करता वापरणाऱ्यांपैकीच ज्यांची यंत्रे जोमदार आणि थेट गाठता येण्याजोगी असतील, त्यांच्याकडून ते करवून घ्यावयाचे. म्हणजे तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, तुमच्या विजेवर, दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनची जोडणी करून देत असे. एक्स्चेंज उभे होते ते लोकांच्या यंत्रांवर. ह्याचा पुरावा १६ ऑगस्ट २००७ रोजी मिळाला. विंडोजची नेहमीची दुरुस्ती पोहोचल्यावर जगभरची असंख्य यंत्रे थोड्याच वेळात बंद होऊन पुन्हा चालू झाली. त्या रेट्यात प्रोग्राममधला एक दोष उघडा पडला आणि सुमारे दोन दिवस स्काइप कोलमडून पडले. हे वाचले तेव्हा आम्हांला संप आठवला. हात बाजूला झाले म्हणजेच कळते, काम कोण करीत होते ते.

पण मालकी त्या हातांची नव्हती. २००५ मध्ये ईबे कंपनीने स्काइप सुमारे २६० कोटी डॉलरना घेतले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलर मोजले. २०१२ मध्ये जोडणीचे काम कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांवर गेले. खरे सांगावयाचे तर मोबाइलच्या काळात जुनी रीत टिकणेही अवघडच होते. खिशातल्या फोनची बॅटरी लहान, पत्ता सारखा बदलणारा. तो स्वतःचा भार कसाबसा वाहील, शेजाऱ्याचा कोठून वाहणार? अखेर ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. प्रोग्रामचे मूळ लिखाण कुलपात असल्यामुळे, ज्यांना ते पुढे चालवावेसे वाटत होते त्यांच्या हाती काहीच उरले नाही.

त्याच २००३ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर येथील विद्यापीठात एमिल इव्होव्ह ह्या विद्यार्थ्याने असाच एक प्रोग्राम लिहावयास घेतला. पुढे त्याचे नाव जित्सी पडले. बल्गेरियन भाषेत त्याचा अर्थ 'तारा'. ह्याचे मूळ लिखाण सर्वांस खुले आहे. कोणीही ते वाचावे, दुरुस्त करावे, स्वतःच्या यंत्रावर बसवावे. कॉम्प्युटरवर तो ब्राउझरमध्ये चालतो, मोबाइलसाठी ॲप आहे. दोघेच असले तर बोलणे होईल तितके थेट जाते. पण दहा जण असले आणि प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांना आपला आवाज व चित्र धाडावयाचे म्हटले, तर ९० ओढी होतील. म्हणून मध्ये एक पूल घालतात. प्रत्येकाने एकदाच पाठवावयाचे आणि वाटप पुलाने करावयाचे.

आमच्या संघटनेस ह्याची गरज कशी लागली ते सांगतो. वेतनकराराचा मसुदा तीन शाखांपुढे ठेवला होता आणि सभा एका फुकट मिळणाऱ्या सेवेवर चालू होती. मते मोजावयास घेतली, आणि नेमकी त्याच वेळी फुकटची मुदत संपून सभा तुटली. पुन्हा जोडेपर्यंत निम्मे लोक पाळीवर निघून गेले होते. करार आठवडाभर लांबला. दोष कोणाचा? अट पहिल्यापासून लिहिलेली होती. आम्ही ती वाचली नव्हती. पुढे एका तरुण सभासदाने कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर जित्सी बसविले, आणि तेव्हापासून शाखांच्या सभा त्यावरच होतात.

मात्र मोकळे म्हणजे बिनखर्चाचे, असे कोणी समजू नये. वीज लागते, लाइन लागते, बिघाड काढावयास माणूस लागतो. जित्सी २०१८ पासून एका अमेरिकन कंपनीच्या हाती आहे. तिच्या सार्वजनिक जागेवर सभा सुरू करणाऱ्याने खात्याने ओळख पटवावी, अशी अट २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली. पण ज्याला ती नको असेल, त्याला तेच लिखाण स्वतःच्या यंत्रावर चालविण्यास कोणी अडवीत नाही. मोबाइलवर आणखी एक दोर दुसऱ्याच्या हाती राहतो. झोपलेल्या फोनला जागे करून घंटी वाजवावयाची, तर बहुधा ॲपल किंवा गूगल यांच्याच निरोप्याकडून जावे लागते.

आणि खुले केलेले काम टिकते कसे, ह्याचे उदाहरण स्काइपमध्येच आहे. आवाज दाबण्याची त्यांची एक पद्धत दुसऱ्या एका खुल्या पद्धतीशी जोडून २०१२ मध्ये ओपस नावाचे सर्वांसाठी खुले प्रमाण तयार झाले. स्काइप गेले, पण ओपस आजही ब्राउझरमधल्या बोलण्यात आणि जित्सीतही काम करीत आहे. कारागिराचे जे काम कुलपाबाहेर आले होते, ते मालकाच्या निर्णयानंतरही उरले.

तेव्हा, श्रोतेहो, पुढच्या वेळी कोणी फुकट फोन पुढे केला तर जरूर वापरावा. मात्र दोन प्रश्न विचारून घ्यावेत. गाठ घालून देणारा तिसरा कोण आहे? आणि उद्या त्याने दुकान बंद केले, तर आपल्याला ते चालू ठेवता येईल काय? आमची शाखा विजेसाठी आणि लाइनीसाठी दरमहा वर्गणी काढते. ती कोणास जड जात नाही, आणि मतमोजणी आता कोणी मधेच तोडीत नाही.