थर्मोस्टॅट काढू नका, जॉब कार्ड वाचा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की खानदेशातल्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. कुणाची गाडी पारोळ्याच्या पुढे तापलेली असते, कुणाचा एसी लळिंगच्या चढावर गरम हवा फेकू लागतो, कुणाचा सेल्फच उचलत नाही. बॉनेट उघडलं की भोवती चार माणसं जमतात आणि सल्ले मात्र पाच मिळतात. त्यातले काही जुन्या जीपच्या आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात खरेही होते. आजच्या गाडीत तेच सल्ले खिशाला भोक पाडतात. पुढे शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेलं की गैरसमजांची दुसरी रांग सुरू होते. त्यातले नेहमी ऐकू येणारे काही इथे तपासून पाहू.

गैरसमज: 'इथं कुठे बर्फ पडतो? रेडिएटरला साधं पाणी चालतं.'

कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण खानदेशाला त्याची दुसरी दोन कामं जास्त उपयोगाची आहेत. त्यातल्या ग्लायकॉलमुळे उकळण्याचं तापमान वाढतं आणि त्यातली रसायनं अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाहीत. बोअरचं जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार सोडतं. न्हाणीघरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच तिथे चढतो. मग नळ्या अरुंद होतात आणि गाडी तापायला लागते. रस्त्यात अडचण आली तर साधं पाणी टाकून गॅरेज गाठायला हरकत नाही. मात्र त्यानंतर ते काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यायला हवं.

तापमानाचा काटा चढला की आधी एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर टाकतो. मग गाडी बाजूला घेऊन बंद करावी. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये. आत साधारण एक बारचा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

गैरसमज: 'उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी गार राहते.'

थर्मोस्टॅट ही साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागणारी झडप आहे. इंजिन पूर्ण तापलं की ती उघडीच असते, त्यामुळे ती काढल्याने रणरणत्या दुपारी फारसं काही मिळत नाही. नुकसान मात्र होतं. इंजिन आपल्या तापमानाला उशिरा पोहोचतं, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो इंधन जास्त सोडतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदलावा. तो काढून गाडी तापायची थांबली, तर दोष त्या झडपेत होता एवढंच त्यातून कळतं.

गैरसमज: 'एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो.'

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू बंद नळ्यांमधून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून थोडाफार झिरपतो, पण दर एप्रिलमध्ये तो संपत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे दरवर्षी तेच बिल नव्याने भरणं.

खानदेशात गॅसपेक्षा कंडेन्सर आधी पाहावा. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असलेली ही पातळ पात्यांची चौकट सगळी धूळ अंगावर घेते. जिनिंगच्या हंगामात कापसाचा बारीक तंतू त्यात अडकतो. तरसोद-फागणे टप्प्याचं चौपदरीकरण रेंगाळलं त्या काळात रोज त्या मातीतून गाडी हाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ओल्या मातीत तंतू मिसळला की पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो आणि हवाच आत जात नाही. कमी दाबाच्या पाण्याने, पाती न वाकवता तो धुतला तरी पुष्कळदा फरक पडतो. केबिन फिल्टरही काढून पाहावा.

एक लक्षण मालकाने स्वतः टिपण्यासारखं आहे. गाडी हायवेवर पळताना एसी गार आणि आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला उभी राहिली की गरम, असं होत असेल तर संशय आधी कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. पळत्या गाडीत पंख्याचं काम वाराच करून टाकतो.

गैरसमज: 'उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, नाहीतर फुटतो.'

उलट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि तिनेच टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरचा आकडा थंड टायरसाठीचा आहे. हवा सकाळी, गाडी फारशी न चालवता तपासावी. जळगावहून धुळ्यापर्यंत पळवून आणलेल्या गाडीत आकडा तीन-चारने जास्त दिसणारच, तो पाहून हवा सोडू नये. नायट्रोजन भरल्याने बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

गैरसमज: 'बॅटरी थंडीत मरते.'

थंडीत फक्त तिचं मरण उघड होतं. खरी झीज मे महिन्यात झालेली असते, कारण उष्णतेने बॅटरीच्या आतल्या पट्ट्या लवकर खराब होतात आणि पाणी उडतं. डिसेंबरच्या सकाळी सेल्फ उचलत नाही तेव्हा कान द्यावा. टकटक आवाज आणि हेडलाइट मंद, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. लाइट झगझगीत आणि एकच 'खट्', तर सेल्फची मोटर. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी चालू होत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये, इंधन किंवा स्पार्क तपासावा.

बॅटरी आणि टायरची वॉरंटी बहुधा कारच्या कंपनीची नसते, ती त्या त्या बनवणाऱ्याची असते. त्यांची कार्डं गाडीच्या कागदांत जपून ठेवावीत.

गैरसमज: 'सगळं कॉम्प्युटरवर कळतं.'

स्कॅनर सेन्सरला दिसतं तेवढंच सांगतो. पिवळा इंजिन-दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश वर्कशॉपपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हा गाडी थांबवणंच स्वस्त पडतं. लाल दिवा ऑइलचा किंवा तापमानाचा असेल तर तिथल्या तिथे थांबावं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला तर बिघाड तसाच राहतो आणि साठवलेली नोंद मात्र पुसली जाते. शिवाय कोड बिघाडाचा भाग दाखवतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, वायर उंदरानेही कुरतडलेली असू शकते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफचा दिवा लागला की 'पीस डिफेक्टिव्ह निघाला' अशी बोंब होते. त्या फिल्टरमधली काजळी जळायला सलग वेग लागतो. रोज घर ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. सुरुवातीचा दिवा असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे एरंडोलपर्यंत एकसारख्या वेगात मारलेली चक्कर बऱ्याचदा पुरते.

बुश, बेअरिंग, लिंक रॉड यांना मात्र सेन्सर नसतो. समजा, जॉब कार्डवर नुसतं 'आवाज येतो' असं लिहिलं, तर फिटर गाडी फिरवून आणतो, आवाज येत नाही आणि गाडी धुऊन परत मिळते. त्याऐवजी 'पुढच्या डाव्या बाजूने, गतिरोधक उतरताना, वेग वीसच्या आत, सकाळी जास्त' असं लिहून घेतलं तर तो सरळ सस्पेन्शनखाली जातो. अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून ट्रायल घ्यावी आणि आवाज मोबाइलवर आधीच रेकॉर्ड करून ठेवावा.

गैरसमज: 'फ्री सर्व्हिस म्हणजे सगळं फुकट, आणि बिल आलं की ते भरायचंच.'

फ्री असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. वाद होतो तो मधल्या ओळींवरून: इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग. यातलं काही कधी गरजेचं असतं. पण मेंटेनन्सच्या तक्त्यात नसलेलं काम ऐच्छिक असतं आणि मालकाच्या संमतीशिवाय ते जोडता येत नाही. सही करण्याआधी अंदाजपत्रक मागावं, जुने पार्ट दाखवायला सांगावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. बिलावर जुना २८ टक्के दिसला तर तिथेच विचारावं.

गैरसमज: 'गाडी नाशिकहून घेतली, आता सर्व्हिसलाही नाशिक. आणि बाहेर पाना लावला की वॉरंटी गेली.'

वॉरंटी कंपनीची असते. नेहमीच्या कंपन्यांच्या गाड्यांना ती आणि फ्री सर्व्हिस देशभरातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये मिळते. नाशिकची गाडी धुळ्यात दाखवता येते.

दुसऱ्या अर्ध्या भागावर मोठी लढाई झाली आहे. सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळत नाहीत, ही एका ग्राहकाची तक्रार २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात वॉरंटीबद्दल स्पष्ट म्हटलं होतं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. तरी मालकाच्या हाती विचारण्यासारखा प्रश्न राहतोच: 'बाहेरच्या कोणत्या कामामुळे हा पार्ट गेला, ते लेखी द्या.'

व्यवहार म्हणून वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, वेळेत करून घ्यावी. ती चुकवली तर कंपनीला आयतं कारण मिळतं. वायरिंग कापून लावलेली म्युझिक सिस्टीम किंवा जादा लाइट हेही असंच आयतं कारण. पंक्चर, वायपर, बॅटरी बाहेर बदलल्याने इंजिनाच्या वॉरंटीला धक्का लागत नाही.

गैरसमज: 'नवी गाडी सारखी बिघडते, तर कंपनीला बदलून द्यावीच लागेल.'

अमेरिकेतल्यासारखा 'लेमन लॉ' भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सांगितलं की वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. मूळ उत्पादनातला दोष सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल आणि एकाच तक्रारीची अनेक जॉब कार्डं लागतात. तोंडी सांगितलेली तक्रार तिथे मोजली जात नाही.

डीलरचं प्रत्येक कृत्य कंपनीच्या माथी मारता येतं, हाही भ्रमच. गोव्यात एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी विकली गेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या करामतीची कंपनीला माहिती होती असा पुरावा नव्हता. म्हणून तक्रारीत डीलरने काय केलं आणि कंपनीने काय केलं, हे वेगवेगळं मांडावं लागतं.

गैरसमज: 'रिकॉलचा फोन आला नाही, म्हणजे माझी गाडी त्यात नाही.'

नंबर बदललेला असतो, किंवा गाडी सेकंडहँड घेतलेली असते. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यात खानदेशात गल्लोगल्ली दिसणारी ईकोही होती. चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो आणि असं काम मोफत होतं.

गैरसमज: 'ग्राहक मंचात जायचं तर वकील हवा आणि मुंबई गाठायला लागते.'

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. चाळीसगावच्या माणसाला जळगावचा जिल्हा आयोग, शिरपूरच्या माणसाला धुळ्याचा. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही होतो, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवून पाहावा.

धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक साधारणपणे 'ग्राहक' ठरत नाही. पण पोटासाठी स्वतः काळी-पिवळी चालवणारा किंवा केळीची पिकअप हाकणारा या कायद्यात ग्राहकच असतो. दुरुस्तीचं बिल पाच लाखांच्या आत असेल तर त्याला तक्रारीची फी एक रुपयाही लागत नाही. जॉब कार्डांच्या झेरॉक्सचा खर्च मात्र पडतो.