नोकरीचा परवाना की मुक्कामाचा हक्क?

पूर्वी आमच्या भागातला तरुण चाकरीसाठी बाहेर पडे तो मुंबईस, पुण्यास, फार तर गोव्यास. गाडीभाडे जमले की निघावयाचे आणि गणपतीला परतावयाचे, एवढाच त्या प्रवासाचा हिशेब असे. आज टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी येथील घरांतून रात्रीच्या जेवणानंतर जी चर्चा चालते ती निराळीच आहे. एका बाजूला अमेरिकेतील कंपनीने देऊ केलेली नोकरी आणि तिच्याबरोबर येणारा मुदतीचा परवाना असतो. दुसऱ्या बाजूला कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा कायम निवासाचा हक्क असतो. त्याला सारेजण नुसते 'पी. आर.' म्हणतात. हा हक्क मिळाला तरी तेथे नोकरी मिळेलच याची हमी कोणी देत नाही. अशा वेळी पगाराचा आकडा चटकन पुढे येतो, त्याला डॉलरच्या भावाने गुणले जाते, आणि बाकीचे प्रश्न मागे पडतात. ते मागे पडलेले प्रश्नच खरे महत्त्वाचे आहेत, असे आम्हांस वाटते.

मूळ भेद साधा आहे. नोकरीचा परवाना हा माणसाला मिळालेला नसून त्याच्या नोकरीला मिळालेला असतो. कायम निवासाचा हक्क त्या माणसाचा स्वतःचा असतो. हा भेद सीमाभागातल्या वाचकाला अधिक विस्ताराने सांगावा लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी घराचा उंबरठा न ओलांडता ज्यांचे राज्य बदलले, आणि ८६५ गावांपैकी एखाद्या गावचा दाखला घेऊन ज्यांच्या मुलांनी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रवेश मागितला, त्यांना एखाद्या ठिकाणी राहणे आणि तेथले म्हणून गणले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुरते ठाऊक आहे.

अमेरिकेचा एच-१ बी हा परवाना १९९० च्या कायद्याने आला. तो प्रथम तीन वर्षांचा असतो आणि सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढतो. दरसाल ६५ हजार, आणि अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढीच त्याची संख्या आहे. मागणी त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे निवड करावी लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांच्या घोषणेने परदेशातून नव्याने आणावयाच्या अशा कर्मचाऱ्यामागे मालकावर १ लाख डॉलरचा भार टाकण्यात आला. इतके सोपस्कार पार पडून मुलगा तेथे पोहोचला आणि नोकरी सुटली, तर दुसरा मालक शोधण्यास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत घर, गाडी, मुलांची शाळा यांचे काय करावयाचे, याचा विचार निघण्यापूर्वी कोणी करीत नाही. चांगली नोकरी आहे, ती कशाला सुटेल, असे आपण म्हणतो. पण कंपनीने हजारभर माणसे एका दिवसात कमी केली, तर त्यात आपल्या मुलाच्या हुशारीचा काहीही संबंध नसतो.

"पुढे ग्रीन कार्ड मिळेलच की," हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. ते बहुधा एखाद्या काकांच्या अनुभवावरून आलेले असते. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई लोकांसाठी उघडले, आणि त्यानंतरच्या दशकात गेलेल्या डॉक्टरांना व इंजिनिअरांना कायम वास्तव्य तुलनेने लवकर मिळाले, हे खरे. त्या काकांचा अनुभव खोटा नाही, पण तो आता निरुपयोगी आहे. नोकरीच्या आधारावर दरवर्षी सुमारे १ लाख ४० हजार लोकांना तेथे कायम वास्तव्य मिळते, त्यात बायकामुलेही धरली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे दशकाहून लांब झाली आहे. आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. ही रांग नागरिकत्वावरून ठरत नाही, जन्मस्थानावरून ठरते. बेळगावात जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला, तरी अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. मात्र कॅनडाच्या नागरिकाला काही ठरावीक व्यवसायांत अमेरिकेत काम करण्याचा वेगळा, सोपा परवाना मिळू शकतो. म्हणून काही धोरणी कुटुंबे कॅनडाच्या वाटेनेच तिकडे पाहतात.

आता कॅनडाचे पाहू. १९६७ साली त्या देशाने गुणांची पद्धत आणली. वंश किंवा मूळ देश न पाहता वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवर माणूस तोलावयाचा, हा त्यातला विचार. २०१५ पासून हे काम एक्सप्रेस एन्ट्री या पद्धतीने चालते. तिच्यात वयाला मोठे मोल आहे. वीस ते एकोणतीस या वयात पूर्ण गुण मिळतात, तिशीपासून ते वर्षागणिक उतरू लागतात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. ऑस्ट्रेलियातही बहुतेक कुशल कामगारांसाठी पंचेचाळीस हीच सीमा आहे. तेव्हा "आधी सहा वर्षे अमेरिकेत काढू, नाहीच जमले तर कॅनडा आहेच," हा जो बेत तिशीतली मंडळी करतात, त्यात त्यांचे गुण दरवर्षी गळत असतात. इंग्रजी आपल्याला येतेच अशा समजुतीत परीक्षेला बसून अनेकजण पाच-दहा गुणांनी मागे राहतात. २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या होऊ लागल्या आणि त्यांत गुणांची अट पुष्कळच खाली आलेली दिसली. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी बोलून वाढलेल्या आमच्या मुलांना चौथी भाषा जड जाऊ नये!

पण कॅनडा म्हणजे सुखाचे आगर, असा समज कोणी करून घेऊ नये. २०२४ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारने पुढील वर्षी द्यावयाच्या कायम निवासाची संख्या ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणली. घरांची भाडी जड आहेत, आणि हक्क हाती असूनही पहिले वर्ष-दोन वर्षे आपल्या शिक्षणाहून खालच्या कामावर काढावी लागणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे. वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, अध्यापन या व्यवसायांत तर तेथील परीक्षा व परवाना यांशिवाय कामाला हातही लावता येत नाही. बेळगावातून दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या मुलीने पी. आर. मिळाल्यावर नव्हे, अर्ज भरण्यापूर्वी या परीक्षांचा खर्च आणि काळ विचारून घ्यावा. संगणकाच्या कामाला ही अडचण नाही. म्हणून एकाच घरातल्या इंजिनिअर नवऱ्याचा आणि डॉक्टर बायकोचा हिशेब एक नसतो.

बायकोचा प्रश्न निघालाच आहे तर तो स्पष्टच मांडलेला बरा. एच-१ बी धारकाच्या जोडीदाराला एच-४ हा परवाना मिळतो आणि त्यावर सहसा काम करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका विशिष्ट टप्प्याला पोहोचला असेल तरच, तेही २०१५ पासून, जोडीदाराला कामाची मुभा आहे. तो टप्पा येईपर्यंत एम. टेक. झालेली, इकडे चांगल्या हुद्द्यावर असलेली मुलगी घरात बसते. लग्न ठरवताना आमच्याकडे नवऱ्या मुलाचा पगार, शेतीवाडी, देवघर सारे विचारतात, पण "मुलीला तेथे काम करता येईल काय?" हे विचारलेले क्वचितच ऐकू येते. कायम निवासात नवराबायको दोघांनाही पहिल्या दिवसापासून कामाचा सारखाच हक्क असतो. मुलांचेही तसेच आहे. आईबापांच्या मुदतीच्या परवान्यावर वाढलेले मूल एकविसाव्या वर्षी त्या परवान्यातून बाहेर पडते. दोन वर्षांचे असताना गेलेले, मराठी मोडके बोलणारे ते मूल मग स्वतःच्या नावाने विद्यार्थ्याचा परवाना मागत फिरते.

आमचे मत विचाराल तर ते असे. पंचविशीतल्या, एकट्या, कर्ज फेडावयाचे असलेल्या मुलाने अमेरिकेचा परवाना मिळत असेल तर अवश्य घ्यावा, मात्र किती वर्षांसाठी जात आहोत ते घरात बोलून जावे. तिशी ओलांडलेल्या, मुले असलेल्या जोडप्याने पगार कमी दिसला तरी कायम निवासाचा अर्ज आधी करावा. आखातात जाणाऱ्यांपुढे ही निवडच बहुधा नसते. तेथे सामान्य कामगाराला कायम निवास नाही, कमवावे आणि परतावे हाच तेथला करार. त्यांनी दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट यादीवर पाहूनच पैसे द्यावेत.

कागदपत्रांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भागाची अडचण जगावेगळी आहे. एकाच वाड्यात, एकाच बाळंतिणीच्या खोलीत जन्मलेल्या तीन पिढ्यांच्या कागदांवर आजोबांचे राज्य मुंबई, वडिलांचे म्हैसूर आणि नातवाचे कर्नाटक असते. १९७३ मध्ये राज्याचे नाव बदलले. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचे बेळगावी झाले. जुन्या पासपोर्टवर एक, नव्या दाखल्यावर दुसरे. शिवाय शाळा मराठी, जन्मनोंद कानडीत आणि पदवी इंग्रजीत, त्यामुळे एकाच आडनावाची स्पेलिंगे तीन. कुठे आद्याक्षरे आधी, कुठे नावानंतर. परदेशातील अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. तेव्हा भाषांतरे आणि नावाचे प्रतिज्ञापत्र निवांत वेळी करून ठेवावे. इंजिनिअरिंगच्या पदवीपुरते मात्र आपण भाग्यवान आहोत. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच असल्याने, ज्या दारी साऱ्या कर्नाटकाला यावे लागते ते आपल्या शेजारी आहे.

राहता राहिली जमीन. निपाणीकडे तंबाखू-ऊस, खानापुराकडे भात, थोडीफार शेती बहुतेकांची असते. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला येथे नव्याने शेतजमीन विकत घेता येत नाही, मग तो मुदतीच्या परवान्यावर असो की कायम निवासी. परदेशी नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व जाते. ओ. सी. आय. कार्डाने येणेजाणे सुकर होते, पण शेत विकत घेण्याचा हक्क त्यानेही येत नाही. वडिलोपार्जित शेत वारसाने मात्र मिळू शकते. म्हणून वारसा-नोंद अडून राहिली असेल तर मुलगा विमानात बसण्यापूर्वी ती उरकावी, त्याचे नाव उताऱ्यावर नीट चढले आहे ना ते पाहावे. आणि मुखत्यारपत्र येथेच, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत करून घ्यावे. तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र वकिलातीमार्फत साक्षांकित करावे लागते आणि येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. टपालात ते अडकले की म्हातारा बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहतो.